नळावरची बातमी

परबांना कोणी "चहा आलाय" असं सांगितलं, तर ते खुर्चीतून हलायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कोणी सांगितलं?" समोरच्याने "सुरेशने" म्हटलं, की पुढचा प्रश्न तयार असे. "सुरेशने चहा बघितला, की त्यालाही कोणी सांगितलं?" ही चौकशी पुरी होईपर्यंत चहा निवून जाई. तो निवलेला चहा पिताना परब समाधानाने म्हणत, "बघ, आलाय म्हणाला होता. गरम आहे असं कुठं म्हणाला होता?"

दशावतारात काळा झगा घालून, लाल जीभ बाहेर काढून संकासुर नाचतो. आमच्या कॅन्टीनचे मामा मालवणकडचे. त्यांनी त्यातल्या 'स'चा 'श' केला आणि परब ऑफिसभर शंकासुर झाले. हे त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता चिडतील. ते चिडले नाहीत. स्वतःही मालवणीच असल्याने त्यांना विनोद लगेच कळला होता. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्यांदा कोण म्हणालं?" मामांचं नाव कळेपर्यंत त्यांना चैन पडलं नाही.

आमचं ऑफिस परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात होतं. जिथे पूर्वी कापडाचे तागे रचत, तिथे काचेच्या भिंती घालून आमची यंत्रं ठेवली होती. काम सांगायला सोपं होतं. लोक संगणकावर एखाद्या कंपनीचं नाव टाइप करतात. त्या नावाचं घर कुठे आहे, तिचं टपाल, म्हणजे ई-मेल, कुठे टाकायचं, हे सांगणारं यंत्र म्हणजे डीएनएस सर्व्हर. प्रत्येक गिऱ्हाइकाची तिथे एक फाइल असते, तिला झोन फाइल म्हणतात. नावं आणि पत्ते, बाकी काही नाही. पण त्यात एका अक्षराची चूक झाली, की धडधाकट कंपनी जगाच्या दृष्टीने बेपत्ता होते.

मी गिरगावातून तिथे रुजू झाले तेव्हा परब आमचे वरिष्ठ होते आणि त्या फायली त्यांच्या ताब्यात होत्या. माझी पहिलीच चूक टिंबाची झाली. पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यावं लागतं, ते मी दिलं नव्हतं. परबांनी मला उभं करून ऐकवलं, "टिंब दिलं नाहीस, तर सर्व्हर समजतो नाव अर्धंच आहे, आणि शेवटी आपलं आडनाव चिकटवतो. लग्न झाल्यावर मुलीला चिकटवतात ना, न विचारता? तसं." माझं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. आजतागायत मी टिंब विसरलेले नाही, आणि आडनावही माहेरचंच ठेवलंय. दुसऱ्या गोष्टीचं श्रेय त्यांना दिलेलं माझ्या सासूबाईंना आवडत नाही.

त्यांची सगळ्यात आवडती शिवी होती 'नळावरची बातमी'. इंटरनेटवर प्रत्येक जण मूळ सर्व्हरला विचारायला जात नाही. मधल्या सर्व्हरांनी मघाशी ऐकलेलं उत्तर जपून ठेवलेलं असतं, तेच ते पुढच्याला देतात. आम्ही ते उत्तर बघून "पत्ता बरोबर दिसतोय" म्हटलं, की परब उखडायचे. "ही नळावरची बातमी! हंडा भरता भरता एकीने दुसरीला सांगितलेली. मूळ सर्व्हरला विचारलंस? नाही ना? मग तोंड उघडू नकोस." लालबागच्या त्यांच्या चाळीत गिरण्यांच्या संपाच्या वेळी दर आठवड्याला नळावर बातमी यायची, म्हणे, की सोमवारी भोंगा वाजणार. कोणाच्या तरी मेव्हण्याने युनियनच्या कोणाकडून तरी ऐकलेलं असायचं. बायका रविवारी रात्रीच डबे घासून ठेवायच्या. सोमवार यायचा, भोंगा वाजायचा नाही. "तेव्हापासून मी ऐकीव गोष्टीवर पाणीसुद्धा पीत नाही," असं परब सांगायचे, आणि हे सांगताना हसायचे नाहीत.

बाजारातही तेच. एकदा लालबागच्या मासळीबाजारात मी त्यांच्याबरोबर होते. कोळीणबाईंनी बांगडे ताजे आहेत असं शपथेवर सांगितलं. परबांनी कल्ले उचलून बघितले, डोळे दाबून बघितले, आणि वर विचारलं, "कुठल्या बोटीचे? उतरवताना तुम्ही स्वतः होतात?" बाई कोयता खाली ठेवून म्हणाल्या, "अरे दादा, मेलेलं मावरं हाय ते. आता त्याची जबानी घेतंस काय?" आजूबाजूच्या सगळ्या जणी हसल्या. परबांनी बांगडे घेतले, पण वाटेत मला म्हणाले, "तिने उत्तर दिलं नाही, लक्षात आलं का तुझ्या?"

अशा माणसाबरोबर काम करून मीही संशयी झाले होते. खरं सांगायचं तर आम्ही सगळेच. म्हणून जेसिंटाचं प्रकरण झालं तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

जेसिंटा भायखळ्याची. माझ्याच टेबलाला टेबल लावून बसायची. हुशार, बोलायला फटकळ, आणि परबांना तोंडावर "सर, तुम्ही देवाला पण ओळखपत्र विचाराल" असं म्हणण्याची छाती असलेली एकटीच. तिला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली आणि तिने राजीनामा दिला. जायच्या आदल्या दिवशी तिने शेवटचं काम केलं. रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबचं टपाल जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर नेलं. लॅबच्या फाइलीत पत्ता बदलला, निरोपाचा केक कापला आणि ती गेली.

ती गेली आणि लॅबची ओरड सुरू झाली. डॉक्टरांची काही पत्रं पोचत होती, काही गडप होत होती. रिपोर्ट मिळत नाहीत म्हणून पेशंट लॅबच्या दारात भांडत होते. फाइल शेवटची कोणी हाताळली? जेसिंटाने. ती कुठे जाणार होती? आमच्याच धंद्यातल्या कंपनीत. आमच्या मालकांनी दोनात दोन मिळवून पाच केले. "जाता जाता काडी लावून गेली," असं ते म्हणाले, आणि तिला द्यायचं कार्यमुक्तीचं पत्र त्यांनी अडवून धरलं. त्या पत्राशिवाय नवी कंपनी तिला घेणार नव्हती. आमची लाइन तशी लहान. 'मुद्दाम बिघाड करून गेली' एवढं एक वाक्य पसरलं असतं, तर तिला पुन्हा कोणी सर्व्हरला हात लावू दिला नसता.

आता परब काय करतात, याकडे माझं लक्ष होतं. त्यांनी फाइल उघडली. ओळन् ओळ वाचली. टिंबं जागेवर होती. पत्ता नवा होता. कुठे चूक नव्हती. दुसरा कोणी असता तर त्याने तिची सुटका केली असती. परब म्हणाले, "इतकी बरोबर कशी? बरोबर आहे, म्हणजे कोणीतरी नंतर बरोबर केली. हिला आतून अजून कोणी मदत करतंय का?" आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची मैत्रीण होते. ती नजर मला फार लागली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि जेसिंटाचा फोन आला की व्हरांड्यात जाऊन बोलू लागले. त्यामुळे त्यांचा संशय अर्थातच वाढला.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर परब आले आणि कोणाशी न बोलता यंत्रासमोर बसले. आमचा एक दुसरा सर्व्हरही होता, दुसऱ्या शहरात ठेवलेला. पहिला बंद पडला तर अडायला नको म्हणून तो त्याच फायलींची नक्कल सांभाळायचा. जगातली निम्मी विचारणा त्याच्याकडे जायची. आम्ही सगळे पहिल्याची फाइल धुंडाळत होतो. दुसऱ्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. परबांनी विचारलं. त्याने लॅबचा जुना पत्ता सांगितला.

प्रत्येक झोन फाइलीच्या डोक्यावर एक आकडा असतो. फाइलीत बदल केला की तो वाढवायचा, असा नियम. दुसरा सर्व्हर फक्त तो आकडा बघतो. आपल्यापेक्षा मोठा असेल तर नवी नक्कल उतरवून घेतो, नसेल तर ढुंकूनही बघत नाही. आकडा हमखास वाढावा म्हणून त्यात तारीख उलटी लिहायची पद्धत आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जेसिंटाने तशीच लिहिली होती. दुसऱ्या सर्व्हरकडचा आकडा मात्र एकतीसने सुरू होत होता. म्हणजे तिच्या आधी कोणीतरी महिन्याच्या एकतीस तारखेला, आपण शाळेच्या वहीवर लिहितो तशी, दिवस आधी घालून तारीख लिहिली होती. एकतीसपुढे विसाने सुरू होणारी सगळी वर्षं लहानच. दुसऱ्या सर्व्हरला जेसिंटाची नवी फाइल जुनी वाटली आणि त्याने ती नाकारली.

"एकतीस तारखेला या फाइलीवर कोण होतं?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडी धार होती, हे कबूल.

परबांनी पडद्यावरच्या त्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मी."

त्या महिन्यात त्यांचे वडील गेले होते. तेराव्यानंतर ते ज्या दिवशी कामावर आले, तो एकतीस तारखेचा दिवस होता. त्याआधीचे सगळे दिवस हॉस्पिटल, स्मशान, वॉर्ड ऑफिस असे गेलेले, आणि प्रत्येक कागदावर तारीख लिहायची, दिवस आधी. हाताला तेच वळण पडलं होतं.

त्यांनी दुसऱ्या सर्व्हरवरची ती नक्कल पुसली, त्याला नवी उतरवून घ्यायला लावली, लॅबचं टपाल सुरळीत झाल्याची स्वतः खात्री केली, आणि मालकांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्ही ऐकलं. मालक म्हणाले, "परब, तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाला कळलं असतं?" परब म्हणाले, "तिचं पत्र द्या." मालकांनी पत्र दिलं. पण गिऱ्हाइकाला कोणाचा तरी बळी दाखवायचा होता, म्हणून त्याच आठवड्यात परबांना घरी पाठवलं. त्यांनी वाद घातला नाही. मला तेव्हा रडू आलं, आणि दोन दिवस आधी याच माणसावर आपण दात धरून होतो, याचंही नवल वाटलं.

जेसिंटाचं पत्र ते स्वतः घेऊन निघाले. "पोस्टाने पाठवा की," मी म्हटलं. "पोचलं की नाही ते कसं कळणार?" ते म्हणाले. मग मीही बरोबर गेले.

भायखळ्याला तिच्या घरी तिच्या आईने आम्हाला बसवलं, सरबत दिलं. जेसिंटा समोर उभीच राहिली. परबांनी पत्र दिलं, आणि आकड्याची सगळी हकीकत काहीही न लपवता सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "चूक होते, सर. त्याचं काय नाय. पण तुम्हाला पण वाटलं ना, मी केलं म्हणून?"

"वाटलं."

"मग फोन करून विचारायचं ना. दिवसातून दहा वेळा आम्हाला बोलता, मूळ सर्व्हरला विचार, मूळ सर्व्हरला विचार. मी इथे घरातच होते."

परबांचा सरबताचा ग्लास हातात तसाच होता. मग ते बोलू लागले, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून जे कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. संप चालू असताना एका सकाळी चाळीतल्या कोणीतरी त्यांच्या वडिलांना गिरणीच्या गेटातून बाहेर पडताना पाहिलं. संध्याकाळपर्यंत नळावर ठरलं, की परब फितूर झाला, चोरून कामाला जातो. चाळीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. गणपतीच्या वर्गणीलासुद्धा कोणी दार वाजवलं नाही. वडील खुलासा करायला गेले नाहीत. संप विरला, गिरणी गेली, पुढे चाळीतले लोक पुन्हा बोलू लागले. पण ते त्या दिवशी आत कशाला गेले होते, हे त्यांना कोणी कधी विचारलं नाही.

"आणि तुम्ही?" जेसिंटाने विचारलं.

"मी पण नाही. शाळेत पोरं चिडवायची, मी मारामाऱ्या करायचो. घरी येऊन मात्र एक शब्द विचारला नाही. भीती वाटायची, हो म्हणाले तर? मग मोठा झालो, मग राहूनच गेलं. शेवटी हॉस्पिटलात पंधरा दिवस त्यांच्या उशाशी बसून होतो. शुद्धीवर होते, बोलत होते. तेव्हा पण नाही." ते थांबले. "आता विचारू कोणाक?"

जेसिंटाची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला वाटलं, जेसिंटा आता "जाऊ द्या, सर" म्हणेल. ती म्हणाली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसली.

"मग मला तरी विचारा," ती म्हणाली.

"आता काय विचारू? चूक माझी होती, ते सांगितलंच की."

"ते असू दे. तुम्ही मला विचारा."

परबांनी ग्लास खाली ठेवला. चष्मा काढला, पुन्हा लावला. घसा साफ करून ते म्हणाले, "जेसिंटा, तू केलंस काय गो?"

"नाय, सर."

"बरं," परब म्हणाले. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही.