कूलरची गोष्ट कोणी सांगितली?

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची उलटतपासणी घेणं हा माझा जुना छंद. सौंसरच्या शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवलं. अंगात आलेल्या एका बाईला भर चौकात एकोणतीसचा पाढा विचारून शुद्धीवर आणलं आहे. तेव्हा खालचा मजकूर लिहिताना मला जेवढी लाज वाटतेय, तेवढी पिताना कधी वाटली नव्हती.

हो, मी पीत होतो. रिटायर झाल्यावर जास्तच. मागच्या मे महिन्यात सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, सांगून टाकलं, "दारू सोडवणाऱ्या मिटिंगले जा, नाहीतर मी पोरीकडे जाते. कायमची." मी शपथ घेतली : दारू सोडलीच आहे, आणि मिटिंगलाही जाईन. यातला दुसरा भाग खरा होता.

सौंसरमध्ये अर्धं गाव माझे विद्यार्थी. म्हणून पांढुर्णा गाठलं. बसस्टँडवर मूळव्याधीच्या जाहिरातीखाली मिटिंगचा कागद चिकटवलेला, पत्त्याचा भाग फाटलेला. पानठेल्यावर हळूच विचारलं. पानवाला रस्त्यापलीकडे ओरडला, "अबे, या सरले दारू सोडाची हाय! ते खोली कोन्या गल्लीत हाय बे?"

असा माझा गुप्त प्रवेश झाला.

संत्र्याच्या आडतीमागची खोली, दुपारचे तीन, नऊ माणसं. नऊ माणसांसाठी माईक! सफारीतले सेक्रेटरी त्यात फुंकर मारून "हॅलो, हॅलो" करत होते. कोणी "बावीस दिवस" म्हटलं की टाळ्या. कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची, तिच्यासमोर चहाचा कप... "अजून न आलेल्या बांधवासाठी." सत्यनारायणाला आल्यासारखं वाटलं, फक्त शिऱ्याऐवजी बिस्किटं.

"बोला ना सर," सेक्रेटरी म्हणाले.

"मी ऐकायला आलोय," मी म्हणालो आणि हाताची घडी घातली.

थोड्या वेळाने पाहतो तर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस. खांद्यावर दुपट्टा, उजवी बाही कोपरापर्यंत ओली. चला, आला एकदाचा बांधव, असं मनात म्हटलं. तो माईक न घेता बोलू लागला.

"मी दारूचा पव्वा कूलरच्या टाकीत लपवत होतो. थंडा राहे. जागा कराले पंपाचा वायर डाव्या कोपऱ्यात सरकवला. तिथं पत्र्यावर घासून घासून सोलला. बायको पाइप घेऊन पाणी भराले गेली..."

"मंग?" मीच विचारलं.

"मंग मी दारू सोडली."

टाळ्या नाहीत. सगळे उठून उभे राहिले, माना खाली. मीही उठलो. एवढं नाटक एका बैठकीत पुरे झालं म्हणून तसाच बाहेर पडलो.

बसमध्ये बसलो आणि घाईघाईने घरी फोन लावला. कारण माझाही पव्वा कूलरच्या टाकीत होता. वायर मीही सरकवला होता. डाव्या कोपऱ्यात. विजेचा धडा सत्तावीस वेळा शिकवणाऱ्या माणसाने! आणि सुनंदा पाच वाजता पाणी भरते. घड्याळात पाचला दहा कमी.

फोन वाजत राहिला. दुसऱ्यांदा सुनंदाने उचलला.

"कूलरले हात लावू नको!"

"काऊन? पाइप हातात घेऊन उभी हाय मी. कूलर सुरू हाय, गरम हवा फेकून राहिला."

"मेन बंद कर आधी."

"अवो, पन काऊन?"

भरलेल्या बसमध्ये मला सांगावं लागलं, "त्यात माझा पव्वा आहे. वायर मी सरकवलाय." पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून बघायला लागला.

फोनवर तिची पावलं ऐकू आली. मग 'खट्' असा आवाज.

"बंद केला," ती म्हणाली. "आता घरी या."

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने टाकी उघडली. डाव्या कोपऱ्यात इंचभर तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलेलं. "काकाजी, काकू हात लावत्या तर चिपकूनच राहत्या," तो म्हणाला. पव्वा सुनंदाने त्याच्यासमोरच मोरीत ओतला.

पुढच्या रविवारी ती माझ्यासोबत आली. पाळत ठेवायला, दुसरं काय. दारातच सेक्रेटरींच्या हातातला माईक खाली आला.

"सर, ह्या...?"

"माझी बायको."

"पन मागच्या वेळी तुमीच तर सांगतलं ना, ताई कूलरच्या करंटनं गेल्या म्हनून? आमी दोन मिनिटं उभं राहिलो जी त्याहीच्यासाठी!"

मी दुपट्टेवाल्याचं विचारलं. नऊच्या नऊ जण म्हणाले, ती खुर्ची रिकामीच होती. बोललो मी. कूलर, पव्वा, डावा कोपरा, सगळं मी.

आता मनाचे खेळ वगैरे मला शिकवू नका. ती पुस्तकं तुमच्या आधी वाचली आहेत मी. वायरचं मनात होतं म्हणावं, तर आतला सोललेला भाग मी पाहिलेला नव्हता. आणि "मंग?" कोणाला विचारलं मी? स्वतःला?

त्या टाळ्या, तो माईक, सगळं अजूनही मला असह्य होतं. तरी एक रविवार चुकलेला नाही, आणि तेव्हापासून थेंब नाही.

सुनंदा आली त्या रविवारी खोलीत एकच खुर्ची मोकळी होती, कोपऱ्यातली. ती सरळ त्या खुर्चीवर जाऊन बसली. सगळे तिच्याकडे वळले. तिने समोरचा कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली,

"थंडा झाला हो चहा. केव्हाचा ठेवला?"