लाथ न मारणारं काडतूस

मी बाराव्या वर्षी मारलेलं रानडुक्कर गावात होतं तोवर वासराएवढं होतं. मुंबईत एजंटाच्या बाकड्यावर बसून सांगितलं तेव्हा ते रेड्याएवढं झालं, आणि ओमानात बरक्याला पोचेपर्यंत, खोटं कशाला बोलू, अर्बाबच्या पिकअपच्या हौद्यात मावलं नसतं.

अर्बाब म्हणजे माझा मालक. खजुराची बाग, बागेत शेळ्या आणि दोन गाड्या एवढा त्याचा कारभार, आणि ड्रायव्हर म्हणून आलेला मी या सगळ्याचा दिवाण. दुपारच्या चहाला तो चटईवर बसायचा, मी समोर, आणि मध्ये माझं डुक्कर. दिवेलागणीची वेळ, भाताच्या मळ्यातलं माचाण, शेजारी बाबा, हातात त्यांची बारा बोअर. एकच बार, आणि डुक्कर धाडकन दरीत. शेवटचं वाक्य ठरलेलं होतं. "आणि अर्बाब, भल्याभल्यांना लोळवणारी ती बंदूक, पण माझा खांदा तसूभर हलला नाही."

हे मात्र खरं होतं. डुकराच्या मापाबद्दल मी शपथ घेणार नाही, खांद्याबद्दल आजही घेतो.

त्या खांद्यानेच मला गोत्यात आणलं. ओमानात शिकारीला बंदी, म्हणून अर्बाब आणि त्याचे भाऊ दर हिवाळ्यात परदेशी डोंगरात हरणांच्या मागे जायचे, रीतसर परवाने काढून. त्या वर्षी त्याच्या चौदा वर्षांच्या लेकीने हट्ट धरला, मीही येणार. अर्बाब खूश. नेमबाजीच्या मैदानावर नेऊन त्याने तिच्या हातात आजोबांची थ्री-नॉट-थ्री दिली. ही बंदूक म्हणजे लाथ मारणारं खेचर. पहिल्याच बाराला पोरीच्या खांद्यावर वांग्याएवढी निळी गाठ आली. तेव्हापासून चाप ओढायच्या आधीच तिचे डोळे मिटायचे आणि गोळी वाळूत.

"भाऊ हसतात," अर्बाब म्हणाला. "आता हलकी बंदूक घेतो. एकदा बघू. पुन्हा डोळे मिटले तर ती घरी राहील, खलास. काडतूस तू निवड. शिकारी तू आहेस."

पोरगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी डुकरासकट दरीत गेलो.

मस्कतच्या दुकानात काचेखाली काडतुसं ओळीने मांडली होती, मिठाईच्या दुकानात काजूकतली मांडतात तशी. काउंटरवरचा केरळी भाऊ पाढे म्हणू लागला: थ्री-ओ-एट, टू फोर्टी-थ्री, टू ट्वेंटी-थ्री. मी एकेक उचलून हापूस निवडतो तशी बोटांनी चाचपली, एकाचा तर वासही घेतला. काही कळलं नाही. चेहरा गंभीर ठेवून म्हणालो, "इन्शाल्ला, उद्या सांगतो."

घरी येऊन बाबांना फोन लावला. आमचे फोन तोवर दोन मिनिटांत संपायचे. जेवलास? जेवलो. पाऊस? पडता. ठेव मगे. मधली पाचशे कोस खारी हवा ऐकण्यात उरलेली मिनिटं जायची. त्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, एका पोरीसाठी काडतूस निवडायचंय," आणि पलीकडचा म्हातारा वीस वर्षांनी तरुण झाला.

"माणूस बंदुकेक भियाना नाय रे. आधी आवाजाक भियाता, मगे खांद्याक. त्या चेडवाच्या कानात कायतरी घाल पयला. आणि हलकी फुलकी बंदूक घेव नको."

"हलकी बरी ना? पोर आहे."

"हलकी पाड्यासारी उडता. वजन असला की धक्को बंदूकच खाता. काडतूस हलक्या, बंदूक जड. खांद्याक टेकता तो दस्तो तिच्या हाताच्या मापान कापून घे, रबर लाव. आणि आयक, एकदम हलक्यातला हलक्या पण नको. जनावर नुसता जखमी होऊन रानात मरता, आणि ता वझा जल्मभर त्या चेडवाच्या खांद्यार."

चाळीस मिनिटं झाली. गावाकडची रातकिड्यांची किरकिर फोनमधून ऐकू येत होती. मी उगाचच काहीबाही विचारत राहिलो, त्यांनी ठेवू नये म्हणून. मग मला खरा प्रश्न सुचला.

"बाबा, माझ्या पहिल्या बाराला तुम्ही कुठलं काडतूस दिलं होतं? माझा खांदा हललाच नव्हता. तसलंच हवं बघा."

पलीकडून खोकला आला, की हसू, कळेना.

"तुझ्या काडतुसात मी छर्रे घालूकच नाय, झिला. चिमूटभर दारू आणि वर भुसो. तुझ्या खांद्यार मांस खंय होता तेव्हा?"

"आणि डुक्कर?"

"तो आवाजान पळालो. दुसऱ्या दिवशी रताळी खावक परत इलो."

मी चटईवर बसलो. पिकअपच्या हौद्यात न मावणारं माझं डुक्कर शेपूट वर करून रताळी खायला निघून गेलं.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू इतक्या बरा सांगी होतंस," ते म्हणाले. "आणि पयल्या बाराक भियालंस असतंस तर परत माचाणार माझ्यावांगडा इलंस असतंस काय?"

ठेवताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. उडवलेलं रिकामं काडतूस अधूनमधून न सांगता भरायचं. नुसतं टक् वाजलं आणि तरी नळी खाली गेली, तर धक्का बंदुकीत नाही, मनात आहे, हे ज्याचं त्याला दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी बाबा झालो. "टू ट्वेंटी-थ्री हरणाला अपुरं पडेल. थ्री-ओ-एट पोरीला जास्त. टू फोर्टी-थ्री द्या, आणि बंदूक जरा वजनाची." केरळी भाऊ कौतुकाने म्हणाला, "आपने आर्मी में कितने साल निकाले?" मी हात जोडून वर पाहिलं, म्हणजे त्याला हवी तितकी वर्षं त्याने धरावीत.

मैदानावर अर्बाबने तिच्या कानावर जाड आवरण चढवलं. दुकानातली प्लास्टिकची खोटी काडतुसं त्याच्या एका खिशात, खरी दुसऱ्या खिशात. मी सांगितल्याप्रमाणे, कुठलं भरतो ते तो तिला दाखवत नव्हता. पहिल्यांदा टक्. नळी खाली, डोळे मिटलेले, आणि धक्का कुठेच नाही. पोरीने डोळे उघडून बंदुकीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि स्वतःवरच खुदकन हसली. दुसऱ्यांदा टक्. नळी थोडी हलली. तिसऱ्यांदा टक्. नळी जागेवर. चौथ्यांदा बार झाला.

ती मागे वळली. "बस? एवढंच?"

कागदावर काळ्या वर्तुळाच्या कडेला भोक पडलं होतं. अर्बाबने माझ्या पाठीवर थाप मारली. ती मात्र थ्री-नॉट-थ्रीची होती.

संध्याकाळी बाबांना कळवलं. नेम लागला का हे त्यांनी विचारलंच नाही. "खांद्याक लागला काय रे तिच्या?" एवढंच. मी म्हटलं, "आता सुट्टीवर आलो की मला खरे छर्रे भरून द्या. एक बार तुमच्याकडे उधार आहे." म्हणाले, "ये."

माझं येणं होईपर्यंत पुढच्या वर्षीचं भात पिकलं. अर्बाबची बाग, शेळ्या, मग त्याच्या भावाच्या मुलाचं लग्न. सुट्टी पुढे सरकत राहिली. मी गावात पोचलो तो निवडणुकीचा हंगाम. आमच्याकडे निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. त्या साली लागोपाठ दोन निवडणुका. पहिल्या वेळी जमा केलेली बारा बोअर बाबांनी परत आणलीच नव्हती.

"मी एकटो तिचा काय करू?" म्हणाले.

तरी आम्ही माचाणावर गेलो. मी त्यांना हात देऊन वर चढवलं. त्यांचं वजन बंदुकीपेक्षा थोडंच जास्त भरलं असतं. डुकरं पळवायला रॉकेलचा रिकामा डबा आणि काठी, बस. मळ्यावर ऊन उतरत होतं. भाताचा तो वास मी बरक्यात कित्येकदा शेळ्यांच्या कडब्यात शोधला होता.

मग बाबा म्हणाले, "तुझो डुकर सांग."

"कुठलं? तुम्हीच तर..."

"थयसरलो. अरबाक सांगतंस तो."

मी सांगितलं. पिकअप, हौदा, दरी, सगळं, वरून दोन सुळे वाढवून. खाली बांधाशी भात हलत होतं, पण डबा वाजवायचं दोघांनाही सुचलं नाही. सांगून संपलं तेव्हा बाबांनी अंधुक उजेडात माझ्या खांद्याकडे पाहिलं.

"आणि खांदो? हललो?"

"तसूभर नाही."

"मगे बरा," ते म्हणाले, आणि काठी मांडीवर आडवी घेऊन पुढे सरकून बसले.