पाचवा फाउल

आमचे घर तीन पिढ्या कबड्डीचे. आजोबा चढाईचे, वडील पकडीचे, थोरला भाऊ दोन्हींचा. पेणपासून खांबपर्यंत वडिलांचे नाव सांगितले की एस.टी.त बसायला जागा मिळे. मला ती जागा नको होती. उंची होती, शाळेतल्या मास्तरांनी हाती बास्केटबॉल दिला आणि पुढे मुंबईच्या एका कंपनीने खेळण्यासाठीच नोकरीवर ठेवले. खेळाचा पगार घेणारा घरातला मी पहिला. वडिलांच्या लेखी ती टोपलीत चेंडू टाकण्याची मजुरी होती.

त्यांनी मला एकदा खेळताना पाहावे, एवढीच इच्छा होती. रोह्याला एका कारखान्याच्या वसाहतीत आमचा सामना ठरला, तेव्हा ते आमच्या गावाहून, गडबहून आले. मैदान सिमेंटचे. सवयीने त्यांनी वाकून हात लावला. कपाळाला लावायला माती नव्हती. हात धोतराला पुसून ते पहिल्या रांगेत बसले. कर्ण्यावरून माझी ओळख त्यांचा मुलगा अशीच करून देण्यात आली. टाळ्या त्यांना पडल्या.

पूर्वार्धात मी चांगला खेळलो. असे मी सहसा म्हणत नाही. लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडत होता. मी त्यांच्याकडे पाहिले, तर ते शेजाऱ्याशी भाताच्या लावणीविषयी बोलत होते.

उत्तरार्धात माझ्या नावावर चार फाउल असताना समोरचा खेळाडू बगलेतून निसटला. माझे दोन्ही हात त्याच्या कमरेला पडले आणि तो जागीच थांबला. लहानपणी अंगणात वडिलांनी घोटवून घेतलेली पकड. पाचवा फाउल झाला, मी बाहेर. मागून कोणी म्हणाले, “कबड्डीवाल्याचा पोर हाय, सोडतोय व्हय?” लोक हसले. वडील हसले नाहीत. ते प्रथमच सरसावून बसले.

थोड्या वेळाने आमच्या संघाने गुण केला. ते उठून माझ्या बाकापाशी आले.

“ऊठ. आपला गुण झाला. जिवंत झालास तू.”

कबड्डीत तसे असते. आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला बाद झालेला गडी पुन्हा आत जातो.

“बाबा, यात जिवंत नाय होत. गेला तो गेला.”

ते मैदानाकडे पाहत राहिले. “मग हा कसला खेळ,” म्हणाले. निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पकड मात्र चोख होती.”

सामना आम्ही हरलो. त्यानंतर मी पुष्कळ वर्षे खेळलो. ते पुन्हा पाहायला आले नाहीत. गावात मात्र ती पकड ते अखेरपर्यंत सांगत असत. पूर्वार्धात त्यांनी काही पाहिले होते का, हे मी विचारले नाही. विचारण्याजोगी संध्याकाळ पुष्कळदा आली होती.

गडबच्या नाक्यावर आजही माझी ओळख कबड्डीवाल्यांचा धाकटा अशी करून देतात. पूर्वी मी ती दुरुस्त करीत असे.