थीमला समास

चार दिवस मी नुसत्या थीम बघत होतो. ब्लॉगवर टाकायचा मजकूर एकच, तो बी लिहून तयार. त्याला अंगडं कुठलं घालावं, तेवढं ठरंना. डोळे चुरचुरायला लागले.

मजकूर अण्णांसाठी होता. अण्णा म्हणजे माझे वडील. माकणीकडच्या शाळेत जन्म घालवून रिटायर झालेले मास्तर. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात पोरांनी मला माईकवर ढकललं, आणि मला नकला सोडून येतंय काय? आधी हेडमास्तरांचं खाकरणं काढलं, मग शिपायाची चाल, मग अण्णा. वही नाकाला लावून, चष्म्यावरनं बघत, "बाळ, समास कुठाय?" डावीकडं रेघ मारून कोरी जागा सोडल्याशिवाय अण्णांनी कुणाची वही तपासली न्हाई. मंडप नुसता खदखदला. अण्णांनी मांडीवरच्या शालीची घडी घातली, मोडली, परत घातली.

तवापासनं ते माझ्याशी आईमार्फत बोलायचे. "त्याला म्हणावं, नळाला पाणी आलंय." मी समोरच बसलेला.

एकदा माफी मागायला गेलो, तर ती हेडमास्तरांच्या आवाजात निघाली. सवयच तसली. आई हसली, अण्णा उठून गेले. मग लिहायचं ठरवलं. कागदावर भागलं असतं, पण चूक चारचौघांत केलेली, माफी बी चारचौघांत पाहिजे.

पहिली थीम काळी, वर हिरवी अक्षरं. तुळजापुरातल्या लॉजची पाटीच. दुसरीत समुद्र. आमच्याकडं टँकर येतो, समुद्र कुठला? तिसरी गुलाबी, कडंनं वेलबुट्टी. अण्णांनी आधी नवरीचं नाव शोधलं असतं.

आई म्हणली, "मला साडी घ्यायला दुकानात एवढा येळ दिलाव का कधी?"

शेवटी कंटाळून एक झकपक थीम लावली. या काठापासनं त्या काठापर्यंत अक्षरंच अक्षरं. लिंक पाठवली आन् भिंतीला टेकून बसलो.

अण्णांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली. ओळी काचंच्या कडंला जाऊन चिकटल्या. त्यांनी फोन नाकाला लावला, लांब धरला, परत नाकाला लावला.

"त्याला म्हणावं," ते आईला म्हणले, "समास न्हाई."

"तुमीच सांगा की! त्यो काय सोलापुरात बसलाय?"

मला हसू आलं न्हाई. माझ्या नकलेत हा आवाज कसा खणखणीत होता. खरा लई दमलेला निघाला. एवढी वर्षं ऐकून मी तेवढंच धरलं नव्हतं.

परत थीमच्या यादीत शिरलो. सगळ्यात वर एक पांढरी थीम होती, चित्र न्हाई, काय न्हाई. चार दिवस तिच्यावरनंच अंगठा फिरवत खाली जात होतो. तिच्यात दोन्ही बाजूंनी जागा कोरी. लावली.

अण्णांनी परत उघडलं. या बारीला वाचलं. शेवटापर्यंत गेले, मग बोटानं वर गेले आन् पहिल्यापासनं वाचलं. आई दारात परात धरून उभी.

चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. शर्टाच्या टोकानं काच बी पुसली.

"उजवीकडं कशाला सोडलास?" ते म्हणले. आईकडं न बघता. "डावीकडंच पुरे असतंय."

मी "व्हय, अण्णा" म्हणलो. कुणाच्या आवाजात, ते ध्यानात न्हाई.