सदूकाकांचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, दुकानातल्या कुणाला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी भिसेगावची. इंटिरियर डिझाईन शिकले. खालापूरच्या अलीकडे रस्त्यालगत एक मोठं फर्निचरचं दुकान आहे. वर सोलर, आत शहरातली माणसं मोबाइल पुढे धरून फिरत असतात. ते दुकान माझ्या डोक्यातून निघालं. खोटं कशाला बोलू, अजूनही शटर वर जाताना ऊर भरून येतो. नवं झाड तोडायचं नाही, पाडलेल्या घरांचं लाकूड आणायचं आणि सगळं त्यातूनच करायचं. प्रत्येक वस्तूच्या खाली कोडचा स्टिकर. मोबाइल लावला की माहिती समोर — लाकूड कसलं, साधारण किती जुनं, आधी कुणाच्या घरात काय म्हणून होतं. ते टेबल तुमच्या हॉलमध्ये कसं दिसेल, तेसुद्धा.

आणि ही सगळी ओळख मशीन पटवणार, असं मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. लाकडाचा फोटो काढायचा, मशीन सांगेल. मशीनने काय सांगितलं? साग. आंब्याची फळी ठेवली — साग. फणस — साग. शेवटी चिडून मी प्लायवूडचा तुकडा ठेवला, तर तोही मेला साग! दुकान उघडायला पंधरा दिवस उरले होते.

सदूकाका आमचे सुतार. खोपोलीच्या बाजूच्या गावातले, साठी ओलांडलेले. बोलणं कमी, तंबाखू जास्त. त्या दिवशी मी मशीनशी झगडत बसले होते आणि ते मागे उभे राहून बघत होते. मग त्यांनी फळी माझ्या हातातून घेतली, रंध्याने एक सालपट काढलं, जरा थुंकी लावून हुंगलं आणि म्हणाले, ऐन हाय. दुसरी फळी — बाभूळ. तिसरी नुसती बोटाच्या पेराने ठोकली. शिसव.

मी त्यांची परीक्षा घ्यायला म्हणून एक जाड, काळीभोर फळी पुढे केली. तिची एक कड गुळगुळीत झाली होती. ते तिच्यावरून तळवा फिरवत राहिले. मग म्हणाले, ही गव्हाण व्हती. हितं गुरांच्या माना घासल्यात, हितं चाटलंय. मी हसले. पण ज्याच्याकडून ते लाकूड आणलं होतं त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, हो, गोठाच पाडला होता. अंगावर काटा आला माझ्या. आजही येतो, आत्ता लिहितानासुद्धा. एक माणूस फळीला हात लावतो आणि त्याला मेलेल्या गुरांच्या जिभा कळतात — याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा?

आणखी एक. काका टेबलाला पाय लावताना प्रत्येक पाय आधी आडवा बोटावर तोलायचे. जड बाजू ती बुडख्याची, म्हणजे झाडाच्या मुळाकडची. ती खाली. शेंडा वर. झाड जसं उभं होतं तसंच लाकूड उभं राहिलं पाहिजे, नाहीतर त्याला झोप लागत नाही म्हणे. एकदा आमच्या दुसऱ्या कारागिराने एक पाय उलटा ठोकला, तर काकांनी तयार टेबल सोडवलं. अर्धा दिवस गेला. मी आरडाओरडा केला, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आता वाटतं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

तर लाकूड ते ओळखायचे आणि मी कॉम्प्युटरवर लिहायचे. खाली ओळ यायची — इंग्रजीत — की ही ओळख मशीनने पटवली आहे. ती ओळ मीच टाकली होती. गरज होती म्हणून? पहिल्या दिवशी होती. पण कबूल करायचं ते हे नाही. हे निदान धंद्यातलं खोटं झालं. मी आडवळणं घेतेय, कळतंय मला.

काकांची एक खूण असायची. वस्तू पुरी झाली की तिच्या पोटाखाली पटाशीने तीन बारीक चिरे द्यायचे. त्यांचे वडील द्यायचे, म्हणून तेही. चौक-कर्जत पट्ट्यातल्या कितीतरी घरांतल्या पाटांखाली, देव्हाऱ्यांखाली ते तीन चिरे आहेत. दुकान उघडल्यावर एका गिऱ्हाइकाला ते दिसले आणि त्याला वाटलं, माल डागी आहे. शिवाय आमचा स्टिकर नेमका तिथेच लागायचा. मी काकांना म्हटलं, आता ते चिरे बंद करा.

त्यांनी पटाशी खाली ठेवली. "मंग कुणी केलं ते कसं कळंल गं?"

आणि मी म्हटलं, "कोडमध्ये तुमचं नाव येतं की, काका."

झालं. एवढंच. विचार करून बोलले का? नाही. तोंडातून निघून गेलं. पण त्यांनी मोबाइल पुढे केला, कुठंय ते दाव म्हणाले, तेव्हा मी विचार करूनच बोट ठेवलं. त्या खालच्या इंग्रजी ओळीवर. काकांना मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही, हे मला ठाऊक होतं. ते कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत राहिले. त्या दिवसापासून एकाही वस्तूखाली चिरे नाहीत.

पुढच्या महिन्यात एका रविवारी ते घरच्यांना घेऊन आले. पांढरा सदरा, परीटघडीचा. बरोबर काकू आणि सून मंदा. मला वाटलं होतं, विसरतील. विसरतायत कसले! गर्दीतून थेट त्या गव्हाणीच्या फळीतून केलेल्या बाकाकडे गेले, मंदाचा मोबाइल लावायला लावला आणि त्या ओळीवर बोट टेकवून काकूंना म्हणाले, "ह्ये बग. शेरातल्या लोकांच्या मोबायलात जातंय ह्ये."

मंदा बारावी झालेली. तिने ओळ वाचली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? शेजारच्या खुर्चीवरची धूळ पुसली. खुर्चीवर धूळ नव्हती.

"हाय की बाबा," ती म्हणाली. "तुमचंच नाव हाय."

काकूंनी पदराने ओळ पुसल्यासारखी केली आणि नमस्कार केला.

जाताना मंदा दारात थांबली. ओरडेल, चार लोकांत माझी शोभा करेल, असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "ताई, त्यांना नाय वाचता येत. मला येतं." आणि गेली. म्हणजे माझं खोटं मी दुसऱ्या बाईच्या तोंडातही घातलं, तेही तिच्या सासऱ्यासमोर.

ती ओळ बदलायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. मालकही आता काही म्हणणार नाहीत, दुकान चाललंय. मग? खरं सांगू — लोक ते मशीन बघून माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर मला सोडवत नाही. दुसरं कारण शोधून पाहिलं. नाही सापडलं.

परवा ठाण्याच्या एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या. एका टेबलाचा कोड त्यांनी नातीकडून वाचून घेतला. हे लाकूड आधी स्वयंपाकघरातल्या फडताळाचं होतं, असं त्यात लिहिलेलं. त्यांनी टेबलाला नाक लावलं, वास घेतला आणि त्यांचे डोळे भरले. खरंच गं, म्हणाल्या, फोडणीचा वास आहे. मग माझा हात धरून त्यांनी विचारलं, "हे इतकं कोण ओळखतं हो तुमच्याकडे?"

काका मागच्या शेडमध्ये होते, वीस पावलांवर. रंध्याचा आवाज येत होता.

मी म्हणाले, "मशीन."