माहेरचा जुना तांदूळ

मेधाला जाऊन महिना होत आला. शेवटची भेटले ती ठाकुर्लीच्या तिच्या घरी. डोंबिवलीच्या कॉलेजात आम्ही दोघींनी शेजारशेजारी बसून जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. बोलताना तिला धाप लागत होती, तरी विषय एकच, तिची मुलगी सायली. ती गरोदर होती, सातवा महिना. "तिला सांगू का गं?" मेधाने विचारलं. मी म्हटलं, सांगून होणार काय? तो प्रश्न माझ्या गळ्यात टाकून ती गेली. मला तिचा अजून राग येतो.

मेधाचं माहेर घोडबंदर रोडचं. आज टॉवर आहेत तिथे तिच्या वडिलांची भातशेती होती. बाळंतिणीला आपल्याकडे जुना तांदूळ देतात, पचायला हलका म्हणून. लेकीचं लग्न ठरल्याबरोबर आईने तिच्यासाठी वेगळी कणगी भरली. पण तांदूळ जुना करायचा म्हणजे त्याला कीड लागणार. त्या माउलीने त्यात शेतावर मारायची पांढरी पावडर कालवली. ढेकणांना, मुंग्यांना, उवांनासुद्धा तेव्हा तीच चालायची. मेधाला दिवस गेल्यावर म्हातारी गाठोडं घेऊन आली. "बाय, तुजेसाठी राखलेला हाय," एवढंच म्हणाली. मेधा एमएस्सी झालेली खरी, पण आईच्या हातच्या पेजेत काय आहे, हे कोणती लेक तपासते?

सायली तान्ही असताना ओळखीच्या एका प्रयोगशाळेत गाईम्हशींच्या दुधात कीटकनाशकं तपासत होते. गंमत म्हणून मेधाने आपलंही दूध दिलं. त्यातही कीटकनाशक निघालं. सगळं तांदळातूनच आलं असंही नाही. भाजीपाल्यातून, वरच्या दुधातून, खुद्द तिच्या आईकडूनही आलं असेल. हे चरबीत मुरतं, वर्षानुवर्षं हलत नाही. पोटात असताना नाळेतून जातं, नंतर दुधातून, आणि पहिल्या बाळाच्या वाट्याला जास्त येतं. "माझ्या अंगातून ते बाहेर पडायला मोठी वाट एकच गं, ती म्हणजे सायली," स्टाफरूममध्ये ती कोरड्या आवाजात म्हणाली होती. डॉक्टर म्हणाले, तरीही पाजा, आईच्या दुधाला तोड नाही. तेही खरंच होतं. तिने पाजलं, आणि पाजताना रडली. आईला मात्र काही निघालं नाही म्हणून सांगितलं. म्हातारी समाधानाने गेली. मेधाला पुढे जो आजार झाला तो कशाने, हे कोणी सांगितलं नाही, आणि तिनेही कधी विचारलं नाही.

तेराव्यानंतर सायली घर आवरायला आली, तेव्हा मी सोबतीला गेले. ओट्याशी उभी राहून ती तांदूळ धुवत होती, थेट मेधासारखे, दोन्ही तळव्यांनी चोळून, पुन्हा पुन्हा पाणी बदलून. "मावशी, आई इतके का धुवायची?" तिने सहज विचारलं.

मी सांगितलं. पावडर, नाळ, दूध... सगळं. ती माझ्याकडे न बघता ऐकत होती.

"म्हणजे आता ते माझ्यात आहे."

"हो."

"आणि बाळात?"

मला हो म्हणवेना. नाही म्हणणं खोटं झालं असतं. सायलीने पातेलं तिरकं करून पाणी ओतलं आणि पुन्हा नळ सोडला. पाणी केव्हाच नितळ झालेलं होतं.