तात्यांचा टेम्पो आणि चारचौघांतला आकडा

वरकुट्याला आमच्या वस्तीवर संध्याकाळी तात्यांची फेरी असायची. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते. वस्तीवरच्या पेरूवाल्या घरांचा माल एकाच टेम्पोतून मार्केटला जायचा. उद्या कोणाचे किती कॅरेट, म्हणजे पेरूचे क्रेट, निघणार, हे तात्या घरोघर जाऊन विचारायचे आणि मग फोन करून टेम्पो ठरवायचे. माल जास्त असला तर मोठा, कमी असला तर छोटा.

मी ओसरीवर अभ्यासाला बसलेली असायची. तात्या आले की आधी माझ्या पुस्तकाकडे बघायचे, कॉलेज काय म्हणतंय असं विचारायचे, चहा नको म्हणायचे आणि मग चहा प्यायचे. पावसाचं, कारखान्याचं, कुणाच्या तरी म्हशीचं बोलणं व्हायचं. आकड्याची गोष्ट अगदी शेवटी, उठता उठता, आईजवळ जाऊन हळू आवाजात. वयामुळे आवाज बसला असेल, असं मला वाटायचं. तेव्हा कॉलेजला घरूनच जायची; आता बारामतीत हॉस्टेलवर राहते. मेस उघडेपर्यंत जो मोकळा वेळ असतो, त्यात ती फेरी फार आठवते.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तात्यांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. फेरी थांबली आणि टेम्पोचं गणित बिघडलं. कधी मोठा टेम्पो अर्धा रिकामा जायचा, कधी छोट्यात माल मावायचा नाही. आपापलं बघू, असं दोन-तीन घरं बोलू लागली. पण एकट्याच्या मालाला टेम्पो परवडत नाही. मग बांधावर येणारा व्यापारी म्हणेल तो भाव. हा सामाईक टेम्पो तात्यांनी तरुणपणी एकेका घराला समजावून जमवला होता. ते वडिलांना म्हणाले, "माझ्या गुडघ्यापायी वस्ती फुटाय नको."

त्याच सुमारास कॉलेजात आम्हाला ॲप बनवायचा एक प्लॅटफॉर्म शिकवत होते. प्रोग्राम लिहायचा नाही; तयार ठोकळे ओढून आणायचे आणि एकमेकांना जोडायचे. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. वर्गात हात वर करायला मला भीती वाटायची, पण हे ठोकळे जमायचे. प्रोजेक्टच्या कामासाठी वर्गाचा एक ग्रुप होता, ऑफिसातले लोक टीमसाठी वापरतात तसल्या मेसेजच्या सेवेवर. सरांनी ती सेवा आणि आमचं ॲप जोडून दाखवलं. ॲपमध्ये कुणी काही भरलं की ग्रुपवर आपोआप निरोप. सर म्हणाले, टीममध्ये सगळ्यांचं सगळ्यांना दिसलं पाहिजे, म्हणजे काम अडत नाही. मला ते फार पटलं. माझ्या डोक्यात लगेच टेम्पो आला.

मग मी कॅरेटचं ॲप केलं. घर निवडायचं, आकडा टाकायचा, बटण दाबायचं, एवढंच. मेसेजच्या सेवेतून एक लांबलचक किल्ली, म्हणजे अक्षरं-आकड्यांची ओळ, मिळते, ती ॲपच्या प्लॅटफॉर्मवर नेऊन चिकटवायची. मग तो विचारतो, निरोप कुठं पाठवू? मी त्याच सेवेवर वस्तीचा सगळ्यांचा नवा ग्रुप काढला आणि तो निवडला. सुट्टीच्या दिवशी घरोघर जाऊन फोनमध्ये सगळं घालून दिलं. काही घरांत फोन फक्त सुनेकडे होता, तिथं सुनेला शिकवलं. प्रत्येक घरी चहा झाला.

पहिल्या संध्याकाळी वस्तीवरचे सगळे फोन एकामागून एक वाजले. अमक्या घराचे इतके कॅरेट, तमक्या घराचे इतके. तात्या बाजेवर बसून हसत होते. मला इतका आनंद झाला होता की मी जेवताना पण फोन हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी आकडे कमी झाले. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. बहार सरत आला असेल असं मला वाटलं. तात्यांनी त्या आकड्यांवर छोटा टेम्पो सांगितला. सकाळी फाट्यावर बघते तर कॅरेटची रांग लागलेली. टेम्पो भरला तरी रांग संपेना. ड्रायव्हरला घाई होती, तो निघाला. समोरच्या काकूंचे जवळजवळ सगळे कॅरेट खाली राहिले. ऊन चढलं तसा पेरूचा वास फाटाभर पसरला. काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चांगलं हाय गं तुझं ॲप. पेरू झाडावर पिकायचं, आता रस्त्यावर पिकतंय."

कुणीतरी हसलं. पण उद्यापासून ज्याचं त्यानं बघा, असंही तिथंच ठरायला लागलं. वडिलांनी तात्यांना फोन लावला. दोन दिवस थांबा, एवढंच तात्यांनी सगळ्यांना कळवलं.

घरी आले तर आई पेरू कागदात गुंडाळत होती. लोक खोटे आकडे का टाकतात, मी तिला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "आकडा कोण सांगतंय का गं चारचौघांत? दिष्ट लागती मालाला."

"मग तू किती टाकलास?"

"निम्मा," आई म्हणाली. "समोरच्या काकूनं तर त्याच्याहून कमी टाकला आसंल. ती लई भिती."

मी तिच्याजवळ बसून पेरू गुंडाळू लागले. तात्यांचा आवाज बसलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. एका घरचा आकडा दुसऱ्या घरी पोचू नये म्हणून ते हळू बोलत. सगळी वस्ती त्यांना खरं सांगायची, कारण त्यांच्यापाशी गेलेलं पुढं जात नसे. आणि मी तेच सगळ्यांच्या फोनवर वाजवत होते.

दुपारी लॅपटॉप घेऊन शेजारी तात्यांकडे गेले. त्यांच्या बाजेपाशी बसून जुनी जोडणी काढली आणि नवी केली. घराचा आकडा आता फक्त तात्यांना जाणार होता. ग्रुपवर एवढंच येणार होतं, टेम्पो कुठला आणि किती वाजता. तात्यांनी मला आमच्या घराचा खोटा आकडा टाकायला लावला. त्यांचा फोन वाजला. मग त्यांनी बाजेवरूनच समोर हाक मारून काकूंना विचारलं, तुझा वाजला का? काकू दारात आल्या, फोन उलटसुलट करून बघितला.

"न्हाय वाजला," त्या म्हणाल्या, "खरंच न्हाय का दिसायचं?"

त्या संध्याकाळी तात्यांनी मोठा टेम्पो सांगितला. सकाळी काकूंचे कॅरेट सगळ्यांत आधी चढवले.

एक गोष्ट मी तात्यांना सांगितली. ॲप माझ्या खात्यावर आहे, त्यामुळे आकडे मलाही दिसतात. मला वाटलं ते नाराज होतील. ते गुडघा चोळत म्हणाले, "मग आपण दोघं झालो. तिसरं व्हायला नको."

परवा आईचा हॉस्टेलवर फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, समोरच्यांचा माल औंदा किती निघतोय? मी म्हटलं, आई, ते मला नाही सांगता येणार. मला भीती वाटली, रागावली की काय.

"आन काकूनं आमचा विचारला तर?"

"तिलाही नाही सांगणार."

"मग बरं हाय," ती म्हणाली, आणि उद्याचा आकडा टाकायचा राहिलाय म्हणून तिनं फोन ठेवला.